बालवाङ्मयातील आदर्श : करुणा आणि प्रश्न

बंगळूरचे राजाजीनगर ज्यांच्या नावाने वसले, त्या राजगोपालाचारींच्या मंत्रिमंडळाने १९३९ साली मद्रास प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा केला. त्या वस्तीत वाढणाऱ्या मराठी मुलाच्या हाती ‘श्यामची आई’ पडली, तर अस्पृश्यतेचा तोच प्रश्न त्याला एका घरगुती प्रसंगात भेटतो. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकातील आई, मोळी उचलता न येणाऱ्या वृद्ध महार स्त्रीच्या मदतीला श्यामला पाठवते. परंतु परतल्यावर त्याने स्नान करावे, असेही सांगते. हे स्नान फार महत्त्वाचे आहे. आदर्श उभारण्याच्या घाईत असलेला चरित्रकार नेमके तेच वगळील. गुरुजींनी आईच्या करुणेबरोबर तिची मर्यादाही ठेवली. १९४७ साली पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरासाठी उपोषणास बसलेला लेखक किती अंतर चालून आला, हे त्यामुळेच उमगते.

उणीव आहे ती निराळी. मोळीवालीला नाव नाही, तिचे मनही फारसे कळत नाही. ती श्यामच्या संस्काराचे निमित्त ठरते. वस्तुतः फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मांग समाजातील विद्यार्थिनीने १८५५ सालीच ‘ज्ञानोदया’त मांग-महारांच्या दुःखाविषयी स्वतः निबंध लिहिला होता. वेदांवर ज्यांचा अधिकार नाही त्यांचा धर्म कोणता, असा तिचा रोकडा प्रश्न होता. मुलांसाठी तिचे चरित्र लिहिताना केवळ धाडसाचे कौतुक करून हा प्रश्न गाळला, तर मुक्ताही मोळीवालीसारखीच निमित्तमात्र होईल.