खोली ऐकू येत नाही

घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करायला शिकवणारे व्हिडिओ बघायला लागलात की एक वाक्य हमखास कानावर पडतं: बिली आयलिशचा अल्बम बेडरूममध्ये बनला होता. वाक्य खोटं नाही. ‘व्हेन वी ऑल फॉल अस्लीप, व्हेअर डू वी गो?’ हा अल्बम मार्च 2019मध्ये आला. तो तिचा भाऊ फिनियस ओ’कॉनेल याने लॉस एंजेलिसच्या हायलंड पार्क भागात, आईवडिलांच्या लहानशा घरातल्या स्वतःच्या खोलीत बनवला. जानेवारी 2020च्या ग्रॅमीत या भावंडांच्या कामाने चारही मुख्य पुरस्कार नेले, वर उत्तम ध्वनिमुद्रणाचा पुरस्कारसुद्धा. एवढं सांगून झालं की व्हिडिओतला माणूस हसतो आणि खाली दिलेल्या लिंकवरून माइक घ्यायला सांगतो.

जरा जुन्या वळणाचे लोक दुसरं उदाहरण देतात. 1982च्या जानेवारीत ब्रूस स्प्रिंगस्टीनने न्यू जर्सीतल्या कोल्ट्स नेक इथल्या भाड्याच्या घरात टीॲक 144 या चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर काही गाणी भरून ठेवली. बँडला ऐकवायला म्हणून, कच्चीच. मग तीच गाणी बँडबरोबर स्टुडिओत करून पाहिली आणि बहुतेकांचं काही जमेना. शेवटी सप्टेंबरच्या अखेरीला ती कॅसेटच ‘नेब्रास्का’ या नावाने अल्बम म्हणून बाजारात आली.

दोन अल्बमांमध्ये 37 वर्षांचं अंतर, आणि दोन्हींचं कौतुक मात्र एकाच शब्दात होतं: घरगुती. म्हणजे त्यात खोलीचा आवाज आहे, म्हणून ते खरे वाटतात. मी दिवसा बॅकएंडचा कोड लिहिते आणि रात्री दहानंतर गाणी रेकॉर्ड करायला शिकते. त्या शिकण्याचा भाग म्हणून गेलं वर्षभर हे दोन अल्बम हेडफोनवर पुन्हापुन्हा ऐकतेय. माझं मत असं झालंय की यातल्या एकातही खोली ऐकू येत नाही.

आधी ‘नेब्रास्का’. ‘स्टेट ट्रूपर’ लावा, रात्री, एकटे असताना. गिटार एकाच जागी धडधडत राहते आणि आवाजाच्या मागे एक पोकळी जाणवते, मोठं रिकामं घर असावं तशी. ती पोकळी घराची नाही. स्प्रिंगस्टीनने शूअर एसएम 57 हे दोन साधे माइक वापरले होते, आणि ते जवळ धरायचे माइक आहेत. पोकळी आली ती नंतर. चार ट्रॅक एकत्र करून स्टिरिओ करताना सगळं एका गिब्सन एकोप्लेक्स यंत्रातून गेलं, आणि ते उतरवून घेतलं एका पॅनासोनिक बूमबॉक्सवर, जो आधी एकदा पाण्यात पडून बंद पडला होता आणि आपणहून पुन्हा सुरू झाला होता असं सांगतात. आपण ज्याला घर समजतो ते एका यंत्रातलं टेपचं भेंडोळं आहे.

इथे माझ्यातली इंजिनिअर जागी होते. साध्या कॅसेटवर चार पट्ट्या असतात, दोन एका बाजूच्या आणि दोन उलट्या बाजूच्या. टीॲकने चारही पट्ट्या एकाच दिशेने वापरल्या आणि टेपचा वेग दुप्पट केला. म्हणजे 60 मिनिटांच्या कॅसेटवर 15 मिनिटं मावतात. त्यावर एको एकदा मिसळला की तो कायमचा. आपल्या भाषेत सांगायचं तर थेट प्रॉडक्शनवर केलेला बदल, मागे जायची सोय नाही. ती कॅसेट स्प्रिंगस्टीन खिशात घालून फिरला, डबीशिवाय. पुढे तिच्यावरून तबकडी कापायची वेळ आली तेव्हा इतका त्रास झाला की बऱ्याच जणांनी हात टेकले.

अल्बमचा दोषही इथेच आहे आणि भक्तांना तो सांगितलेला आवडत नाही. तोच एको सगळ्या गाण्यांवर आहे. खुनी माणूस बोलतोय, हायवेवर गाडी हाकणारा बोलतोय, लहानपणीचा बंगला आठवणारा बोलतोय, आणि सगळे एकाच विहिरीच्या तळाशी बसलेत. ‘नेब्रास्का’ आणि ‘स्टेट ट्रूपर’ला ते शोभतं. ‘ओपन ऑल नाइट’मध्ये मिश्कीलपणा आहे, तो त्या विहिरीत बुडतो.

बिलीच्या अल्बमात उलटं घडतं. तिथे खोली बाहेर काढून टाकली आहे. माइकपासूनचं अंतर निम्मं केलं की थेट आवाज 6 डेसिबलने वाढतो, खोलीतून परतणारा आवाज मात्र तेवढाच राहतो. त्यामुळे तोंड माइकला जवळजवळ टेकवून कुजबुजलं की भिंती नाहीशा होतात. शिवाय अशा माइकचा स्वभावच असा की जवळून बोललं तर खर्ज फुगतो. बिलीचा आवाज कानाच्या पाळीपाशी येतो तो या दोन गोष्टींमुळे. ‘बरी अ फ्रेंड’मध्ये दातांच्या डॉक्टरकडचं ड्रिल ऐकू येतं, ‘बॅड गाय’मध्ये ऑस्ट्रेलियातल्या रस्ता ओलांडायच्या सिग्नलची टिकटिक. जगभरचे आवाज आहेत, फक्त हायलंड पार्कमधली ती खोली नाही. ‘झॅनी’मध्ये बेस मुद्दाम फाटेपर्यंत वाढवलाय, इतका की तिचे शब्द थरथरतात. शिकाऊ माणसाला असं करू नको म्हणून जे सांगतात ते इथे ठरवून केलंय, आणि पार्टीत कोंडलेला धूर अंगावर यावा तसं वाटतं. शेवटच्या तीन संथ गाण्यांपर्यंत मात्र मी थकते. प्रत्येक गोष्ट कानात सांगितली की गुपित असं काही उरत नाही.

मग आपल्याला आपल्या खोलीचं काय करायला शिकवतात? फोम चिकटवा. अंड्यांचे ट्रे लावा, असंही अजून कुणीतरी सांगतं. आपल्याकडची बेडरूम साधारण 10 बाय 10 फुटांची, छतही तेवढ्याच्या आसपास. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये 3.05 मीटर अंतर धरलं तर आवाजाच्या वेगाने हिशोब करून 56 हर्ट्झच्या आसपास पहिली घुमण येते. लांबी, रुंदी, उंची सारखीच असेल तर तिन्हीकडून एकाच जागी येते. टेबल भिंतीला लावून बसलात तर बेस उगीचच दणदणतो. खोलीच्या मधोमध बसलात तर तोच बेस गायब होतो, तुम्ही तो वाढवता, आणि मित्राच्या गाडीत गाणं लावलं की दरवाजे थरथरतात. 56 हर्ट्झची लहर सहा मीटर लांब असते. तिच्यापुढे अंड्यांचा ट्रे काय करणार! त्यापेक्षा गादी आणि गोधड्या माइकच्या मागेपुढे लावाव्यात. वरच्या स्वरांचा कलकलाट तरी कमी होतो.

या सगळ्या शिकवणुकीमागे एक गृहीत आहे: जे गाणं नाही ते घाण, ते काढा. कुकरची शिट्टी काढायला माझी हरकत नाही. पण 2020च्या लॉकडाउनमध्ये ज्यांनी ऑनलाइन गाणं शिकलं त्यांना आठवत असेल, कॉलमधली आवाज-सफाई सर्वात आधी तानपुरा खाऊन टाकायची. तिचा तर्क सरळ आहे: सतत एकसारखं जे वाजतं तो गोंगाट, पंखा असो वा एसी. तानपुरा सतत एकसारखाच वाजतो. गुरुजी तिकडून “स्वर धरा” म्हणायचे आणि स्वर ज्याला धरायचा तोच पुसलेला असायचा. कुठला आवाज गाण्याचा आणि कुठला बाहेरचा, हे त्या गणिताला कळत नाही, आणि ते बटण कसं दाबायचं ते शिकवणाऱ्या व्हिडिओतही हा प्रश्न येत नाही. खासगी बैठकींची जुनी स्पूलवरची ध्वनिमुद्रणं आपल्याकडे जिवापाड जपली जातात. त्यातला खोकला, कपबश्या, समेवरची दाद, मध्येच रस्त्यावरचा हॉर्न कुणी साफ करून मागत नाही.

घरी रेकॉर्ड करण्यातली खरी चैन वेळेची आहे. मीटर पडत नाही. कुजबुज पन्नासदा घेता येते. पण याच चैनीने आमच्यासारख्यांची वाट लागते. माझ्या ओळखीत हार्ड डिस्कवर चाळीस-चाळीस अर्धी गाणी असलेले लोक आहेत, फाइलचं नाव ‘फायनल_फायनल_7’. ट्रॅकना मर्यादा नाही, मागे जायलाही नाही, मग संपलं असं म्हणायचं कधी? प्लगिन सगळे ठाऊक, कॉम्प्रेसरचा रेशो तोंडपाठ, आणि एकही गाणं लोकांपुढे आलेलं नाही. यातल्या काहींचे गळे फार चांगले आहेत, म्हणून वाईट वाटतं.

‘बेडरूममध्ये एकट्याने’ या दंतकथेत नेमका हा भाग गाळलेला असतो. फिनियसच्या खोलीत बिली होती. मिक्स रॉब किनेल्स्कीने केलं, मास्टरिंग जॉन ग्रीनहॅमने. स्प्रिंगस्टीनच्या घरी रेकॉर्डर चालवायला त्याचा गिटार सांभाळणारा माइक बॅटलन होता, आणि कॅसेट ऐकून मत द्यायला मॅनेजर जॉन लँडाऊ. दुसरा कान दोन्हीकडे होता. तो तज्ज्ञाचाच हवा असंही नाही. माझी रूममेट लातूरची, तिला ईक्यू म्हणजे काय ते माहीत नाही. माझं एक गाणं तिने भांडी घासता घासता ऐकलं आणि विचारलं, “छान आहे गं, पण तू हे कुणाशी बोलतेस?” कुठल्याही ट्यूटोरियलमध्ये मला हा प्रश्न भेटला नव्हता.

2025च्या ऑक्टोबरात ‘नेब्रास्का’ची वाढीव आवृत्ती आली. त्यात बँडबरोबर केलेली, इतकी वर्षं दडवून ठेवलेली ध्वनिमुद्रणं आहेत. दोन्ही ‘अटलांटिक सिटी’ पाठोपाठ ऐका. बँडचं वाईट नाही, चांगलं वाजलंय, आणि अडचण तीच आहे. कर्जात बुडालेला एक माणूस आपल्या बाईला सांगतोय की नटूनथटून ये, आज रात्री भेटू. ड्रम सुरू झाले की तो हे हजार लोकांना सांगू लागतो आणि त्याच्या शब्दांवर विश्वास बसतो. कॅसेटवर ती बाई एकटीच समोर आहे, आणि त्याचं तिला पटतंय असं वाटत नाही. साथीचा आवाजही त्याचाच आहे, दुसऱ्या ट्रॅकवर भरलेला, मला तर किंचित मागे पडलेला ऐकू येतो. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये तो ओढून जागेवर बसवायला दोन सेकंद लागतील.