एका जाडीची माया

बुटांचा जोड, हेडफोन, दिवाळीचा सुका मेवा असं काहीबाही घेऊन घरी येणारं एक खोकं सगळ्यांच्या ओळखीचं आहे. झाकण मागच्या भिंतीला जोडलेलं, बाजूच्या भिंती दुहेरी, आणि कुठेही डिंक नाही की पिन नाही. धंद्यातले लोक त्याला सेल्फ लॉकिंग बॉक्स नाहीतर मेलर बॉक्स म्हणतात. खोक्यांच्या युरोपीय वर्गवारीत त्याचा क्रमांक ०४२७. वस्तू काढली की ते रद्दीत जातं. त्याआधी ते एकदा पूर्ण उलगडून जमिनीवर पसरावं, असं माझं सांगणं आहे. उभ्या खोक्यात जे दिसत नाही ते आडव्या पुठ्ठ्यात दिसतं.

मधे तळ, त्याच्या चारी बाजूंना भिंती, मागच्या भिंतीपलीकडे झाकण. पुढच्या आणि मागच्या भिंतीच्या टोकांना दोन-दोन कान. पहिल्या नजरेला सगळं एका रेषेत आखल्यासारखं वाटतं. पण फूटपट्टी ठेवून बघा. कानाची दुमडरेषा तळाच्या कडेच्या रेषेत नाहीच. ती किंचित आत सरकली आहे, साधारण पुठ्ठ्याच्या एका जाडीइतकी. बारीक लाटांचा, म्हणजे ई फ्लूटचा पुठ्ठा असेल तर जेमतेम दीड मिलिमीटर. आखणाऱ्याचा हात हलला असावा असं वाटण्याइतकी ही सरक लहान आहे.

कोपऱ्याचं सगळं रहस्य या दीड मिलिमीटरात आहे. कागद दुमडतो तेव्हा त्याची जाडी आपण धरत नाही. पुठ्ठ्याची धरावीच लागते. तो दुमडला की आतला थर चेपतो, बाहेरचा ताणला जातो, आणि दुमडलेला भाग स्वतःच्या जाडीएवढी जागा मागतो. कान काटकोनात वळून बाजूच्या भिंतीच्या आत बसायचा आहे. तेव्हा त्याने भिंतीची जाडी सोडूनच वळायला हवं. कानाची दुमडरेषा आणि तळाची कड एकाच रेषेत आखली, तर कान भिंतीला आतून रेटतो, भिंत पोट काढते, आणि कोपरा कधीच काटकोनात येत नाही. शिंपी कापडाला माया सोडतो तशी इथे जाडीची माया सोडलेली असते, फक्त ती जागोजागी वेगळी. कानाची उंची भिंतीहून थोडी कमी, म्हणजे वरून तो डोकं काढणार नाही. आतली भिंत बाहेरच्या भिंतीहून बुटकी, कारण ती तळावर उभी राहते. मापं सगळीकडे सारखी ठेवली असती तर खोकं वाकडं झालं असतं.

आता बाजूच्या भिंतीचा माथा पाहा. तिथे एक नव्हे, दोन दुमडरेषा आहेत, शेजारी-शेजारी, मधे अरुंद पट्टी सोडून. भिंत वर जाते, या पट्टीवरून वळते आणि आत खाली उतरते. उतरताना कानाला पोटात घेते. म्हणून ती पट्टी कानाच्या जाडीचा हिशेब धरूनच ठरवावी लागते. अरुंद झाली तर आतली भिंत तळापर्यंत पोचत नाही, रुंद झाली तर कान आत खुळखुळतो. शेवटी आतल्या भिंतीच्या टोकाची जीभ तळातल्या खाचेत बसते, आणि कान अडकतो तो अडकतोच. या रचनेतली मला सर्वात आवडणारी जागा हीच. कुलूप म्हणून वेगळं काही नाही. भिंतच कुलूप झाली आहे.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आखणाऱ्याच्या मनात होती की आपसूक घडली, हे मला ठरवता येत नाही. पुठ्ठ्याच्या पोटातल्या लाटा म्हणजे फ्लूट एकाच दिशेने धावतात. कापलेल्या कडेकडे पाहिलं की ती दिशा कळते. खोकं घडी घालून उभं केलं की पुढच्या भिंतीत त्या उभ्या असतील तर बाजूच्या भिंतीत आडव्या होतात. कान हा पुढच्या भिंतीचाच तुकडा, म्हणून त्याच्या लाटाही उभ्याच. तो जाऊन बसतो आडव्या लाटांच्या दोन थरांमध्ये. म्हणजे नेमक्या कोपऱ्यात प्लायवूडसारखी आडवी-उभी बांधणी तयार होते. पुठ्ठा उलट दिशेने कापला तरी हेच. फक्त आडव्या-उभ्याची अदलाबदल.

कोपऱ्याला एवढं जपायचं कारण आहे. थप्पी लावली की भिंतीचा मधला भाग बाहेर फुगतो आणि अंग काढून घेतो. भार कोपऱ्यांवर येतो. हे फुगणं हिशेबात धरून मॅकी, गँडर आणि वाचुटा या संशोधकांनी १९६३ साली खोक्याच्या ताकदीचं जे सूत्र मांडलं ते आजही कारखान्यांत वापरतात. त्यात पुठ्ठ्याच्या कडेची दाब सोसण्याची ताकद, खोक्याचा घेर आणि पुठ्ठ्याची जाडी आहे. उंची नाहीच.

कापणं आणि दुमडरेषा उठवणं ही कामं एकाच फटक्यात होतात, त्याचं श्रेय ब्रुकलिनच्या रॉबर्ट गेअरला जातं. १८७९ च्या सुमारास त्याच्या कारखान्यात बियाण्याच्या पिशव्या छापताना एक धातूची पट्टी सरकली आणि दुमडीचा वळ उठवण्याऐवजी पिशव्या कापत सुटली. त्यावरून दोन्ही कामं एकत्र करता येतील हे त्याला सुचलं. आजच्या कापायच्या साच्यात, म्हणजे डायमध्येही प्लायवूडच्या फळीत धारदार आणि बोथट पोलादी पट्ट्या शेजारी-शेजारी बसवलेल्या असतात. बोथट पट्टी लाटांना आडवी पडली की वळ सरळ उठतो. लाटांच्या दिशेने पडली, की वळ जवळच्या घळीत घसरायला बघतो. एकाच खोक्यात दोन्ही जातीचे वळ असतात, आणि दुसऱ्या जातीचा सरळ राखणं हे डाय बनवणाऱ्याचं खरं कसब.

झाकणाकडे आलं की मात्र रचना सैल पडते. त्याच्या पुढच्या पट्टीचे दोन्ही कान नुसते घुसवायचे. आत धरून ठेवायला कुणी नाही, भिस्त सगळी घर्षणावर. चार-सहा वेळा उघडलं की कानांच्या कडा मऊ होतात आणि झाकण वर येऊ लागतं. पावसाळ्यात हे आणखी लवकर, कारण दमट हवेत पुठ्ठ्याचा ताठपणा मुळातच उतरतो. कुरियरवाले वरून चिकटपट्टीचे वेढे मारतात त्याचा मला राग येतो खरा, पण या एका जागी त्यांचं चुकत नाही.