'जनक कोण?' : सामान्य ज्ञानातल्या एका प्रश्नाची समीक्षा



समीक्षा म्हटली की ती कादंबरीची, कवितेची किंवा नाटकाची, अशी आपली समजूत असते. आज आम्ही समीक्षेसाठी एक प्रश्न घेतला आहे. दोनच शब्दांचा. 'जनक कोण?' स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांच्या हातातला सामान्य ज्ञानाचा कोणताही ठोकळा उघडा. विज्ञान, नागरिकशास्त्र, वाणिज्य, संगणक, प्रकरण कोणतंही असो, हा प्रश्न या ना त्या रूपात भेटतोच. खाली चार पर्याय, त्यातलं एक नाव बरोबर. प्रश्न साधा दिसतो. पण तो ज्ञानाविषयी काहीतरी शिकवतो, आणि आमच्या मते ते चुकीचं शिकवतो.

विज्ञानापासून सुरुवात करू. ऑक्सिजनचा शोध कोणी लावला? उत्तरतालिका म्हणते, जोसेफ प्रीस्टली, 1774. आता घडलं काय ते बघा. स्वीडनमध्ये कार्ल शीलने हा वायू त्याच्या आधीच तयार केला होता. पण त्याचं पुस्तक निघालं 1777 मध्ये. प्रीस्टलीने भिंगाने सूर्यकिरण एकवटून पाऱ्याचं ऑक्साइड तापवलं, वायू मिळवला. पण त्याच्या लेखी ती 'फ्लॉजिस्टन काढून घेतलेली हवा' होती, आणि फ्लॉजिस्टनवरचा त्याचा विश्वास अखेरपर्यंत ढळला नाही. पॅरिसमध्ये लाव्हाझिएने ज्वलन म्हणजे या वायूशी होणारा संयोग, हे दाखवलं. त्याने नाव दिलं ते 'आम्ल निर्माण करणारा' या अर्थाचं, आणि तेही चुकीच्या समजुतीवर, कारण ऑक्सिजन नसलेली आम्लंही असतात. मग शोध कुणाचा? वायू पहिल्यांदा वेगळा काढणाऱ्याचा, पहिल्यांदा प्रसिद्ध करणाऱ्याचा, की काय हाती लागलंय हे ओळखणाऱ्याचा? थॉमस कून या विज्ञानाच्या इतिहासकाराने 1962 च्या आपल्या ग्रंथात हेच उदाहरण घेऊन दाखवलं की शोध ही एका क्षणाची घटना नसते. तिला काळ लागतो, आणि माणसंही अनेक लागतात.

वाणिज्याकडे या. द्विनोंदी हिशेबपद्धतीचा जनक कोण? लुका पाचोली. त्याचा ग्रंथ 1494 मध्ये व्हेनिसला छापला गेला. पण त्याने स्वतःच ही व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची रीत म्हणून सांगितली आहे. जेनोआ शहराच्या 1340 च्या हिशेबवह्यांत ही पद्धत आढळते. प्रत्येक व्यवहार दोनदा लिहायचा, एकदा जमेला, एकदा नावे, म्हणजे बेरजा जुळल्या नाहीत की चूक झाली हे कळतं. ही युक्ती पेढीवर बसून हिशेब लिहिणाऱ्यांच्या गरजेतून आली. त्यांची नावं कोणत्या पर्यायात घालणार?

संगणकाचंही तसंच. जनक चार्ल्स बॅबेज, पहिली प्रोग्रामर एडा लव्हलेस. बॅबेजचं विश्लेषक यंत्र कधी पूर्ण झालं नाही. त्यावर इटलीच्या मेनाब्रेआने फ्रेंचमध्ये लेख लिहिला. एडाने 1843 मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर केलं आणि मूळ लेखाच्या सुमारे तिप्पट टिपा जोडल्या. त्यातल्या शेवटच्या टिपेत बर्नुली संख्या यंत्राकडून कशा काढून घ्यायच्या, याच्या पायऱ्या आहेत. अशा पायऱ्यांचे काही आराखडे बॅबेजनेही आधी केले होते. म्हणून एडाचं मोल कमी होत नाही. हे यंत्र आकड्यांपलीकडच्या चिन्हांवरही काम करू शकेल, हे तिला दिसलं होतं. पण 'पहिली कोण' एवढंच विचारलं, तर नेमकं हेच निसटतं.

आता राज्यघटना. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे घटनेचे शिल्पकार, हे उत्तर रास्त आहे. त्यात वाद नाही. पण 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात स्वतः बाबासाहेब काय करतात बघा. श्रेयाचा वाटा ते घटनात्मक सल्लागार बी. एन. राव यांना देतात, मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांना देतात. आणि कामत, पंजाबराव देशमुख, के. टी. शहा यांच्यासारख्या, मसुद्याला सतत हरकती घेणाऱ्या सभासदांचेही नाव घेऊन आभार मानतात. सुमारे 7,635 दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, 2,473 प्रत्यक्ष मांडल्या गेल्या, हा हिशेबही त्यांनीच दिला. 'शिल्पकार' म्हणजे काय, हे या भाषणातून कळतं. चौकोनात गोल काळा करून कळत नाही.

यावर कोणी म्हणेल, सर, लाखो मुलं परीक्षेला बसतात. तपासनीसाची मर्जी चालू नये म्हणून पर्यायी प्रश्नच बरे. खेड्यातल्या मुलीला आणि शहरातल्या मुलाला एकच उत्तरतालिका. हा युक्तिवाद हलका नाही. राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक करायचं ठरलं तेव्हा 2023 मध्ये पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली, ती काही आळसापोटी नव्हे. कोणत्या पद्धतीत आपल्याला न्याय मिळेल, हा त्यांच्या आयुष्याचा प्रश्न होता. पाठांतरालाही आम्ही नावं ठेवत नाही. डोक्यात काहीच नसेल तर विचार कशाचा करणार?

आमची तक्रार दुसरी आहे. नैयायिकांनी प्रमाणं चार मानली : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द. सामान्य ज्ञान बहुतेक शब्दप्रमाणावर चालतं, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावर. त्यात गैर काही नाही. पण न्यायदर्शनाची अट अशी की सांगणारा आप्त हवा : ज्याला वस्तू प्रत्यक्ष कळली आहे आणि जशी कळली तशी सांगायची ज्याची इच्छा आहे. ठोकळा ही अट पाळत नाही. तो उत्तर सांगतो, ते कशावरून, हे सांगत नाही. चार-पाच वर्षं हेच वाचणाऱ्या मुलाला 'कशावरून?' विचारायची सवयच उरत नाही. उद्या तो तहसीलदार होईल, त्याच्यापुढे अर्ज येतील, पंचनामे येतील. एकाच जमिनीवर दोघांचा दावा असेल. तिथे खाली चार पर्याय छापलेले नसतात.

पर्यायी प्रश्न ठेवूनही हे सुधारता येईल. 'ऑक्सिजनचा शोध कोणी लावला?' याऐवजी विचारा, 'पुढीलपैकी कोणत्या निरीक्षणाने फ्लॉजिस्टनची कल्पना अडचणीत आली?' पर्याय चारच, उत्तर एकच : धातू जाळल्यावर वजन वाढतं. तपासायला तितकंच सोपं. पण हे उत्तर देणाऱ्याला थोडा वेळ लाव्हाझिएच्या तराजूशी उभं राहावं लागतं. प्रश्न काढणाऱ्यांना कष्ट जास्त पडतील, हे खरं. ते त्यांनी घ्यावेत. मुलं त्याहून पुष्कळ जास्त घेत आहेत.