टीपॉय: वरून आणि खालून

ज्यास आपण टीपॉय म्हणतों, त्या लहानशा मेजाविषयीं मासिकाचीं पानें खर्चावीं काय, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येणें स्वाभाविक आहे. आपल्याकडील 'तीन पायां'च्या शब्दावरून इंग्रजांनीं हें नांव घडविलें. तेंच पुढें चार पायांच्या मेजासही चिकटलें. नांव आणि वस्तु यांची अशी फारकत होते, तेथेंच टीकाकाराचें काम सुरू होतें. 'मिड-सेंचुरी मॉडर्न' या नांवाचेंही तसेंच आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास युरोप-अमेरिकेंत जें साधें, हलकें, नक्षीविरहित लांकूडकाम झालें, त्यास हें नांव रूढ झालें तें १९८४ सालीं कॅरा ग्रीनबर्ग यांच्या त्याच नांवाच्या पुस्तकामुळें. आतां त्या वळणावर हातानें घडविलेलीं मेजें आपल्या दिवाणखान्यांतही येत आहेत. त्यांची पारख कशी करावी?

आम्हांस ती कसोटी जॉर्ज नाकाशिमा यांच्या कामांत सांपडते. १९०५ सालीं अमेरिकेंत जपानी कुळांत जन्मलेले हे वास्तुविशारद पांडिचेरीच्या अरविंदाश्रमांतील 'गोलकोंड' या इमारतीच्या कामावर होते. पुढें १९४२ सालीं अमेरिकन सरकारनें जपानी वंशाच्या लोकांस छावण्यांत कोंडलें, तेव्हां त्यांसही पत्नी व तान्ह्या मुलीसह आयडाहोंतील मिनिडोका येथें जावें लागलें. तेथें गेंतारो हिकोगावा नांवाच्या सुतारापाशीं ते जपानी हत्यारें चालवावयास शिकले. १९४३ मध्यें सुटका झाल्यावर पेनसिल्व्हेनियांतील न्यू होप येथें त्यांनीं आपला कारखाना थाटला. १९६४ सालीं अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेंतही त्यांनीं मेजखुर्च्यांचे नमुने तयार केले.

नाकाशिमांच्या मेजांत फळीची कड पुष्कळदां झाडावर होती तशीच राखलेली असते. फळीस चीर असली तर ती लपविली जात नाहीं. ती पुढें वाढूं नये म्हणून फुलपाखराच्या आकाराची लांकडी कळ तिच्यावर आडवी बसविलेली असते. ही कळ म्हणजे शोभा नव्हे. तें चिरेस दिलेलें उत्तर आहे. म्हणून अखंड फळींत केवळ दिसावयास अशी कळ कोरून बसविली, कीं ती निखालस नक्षी झाली, आणि नक्षीचाच तर या पंथास कंटाळा होता! निमुळते, तिरके पाय आणि गुळगुळीत पाठ एवढ्यावर भुलणाऱ्यांनीं हा भेद ध्यानांत ठेवावा.

दुसरी गोष्ट मेज उलटल्यावांचून दिसत नाहीं. झाड तोडलें तरी लांकडाची हालचाल थांबत नाहीं. पावसाळ्यांत तें ओल शोषून तंतूंच्या आडव्या दिशेनें फुगतें, कोरड्या हवेंत आकसतें. लांबींत मात्र फरक अगदीं अल्प पडतो. म्हणून जाणता सुतार वरची फळी चौकटीस सर्व बाजूंनीं जखडीत नाहीं. स्क्रूसाठीं लांबट भोंक ठेवून तिला सरकावयास वाव देतो. हा वाव न ठेवल्यास फळी वांकते किंवा उकलते, आणि कोंकणासारख्या दमट हवेंत ही चूक फार दिवस झांकून राहत नाहीं.

कोणी म्हणेल, हातानें केलें एवढें पुरे नाहीं काय? आमच्या मतें नाहीं. नाकाशिमांना यंत्राचा विटाळ नव्हता. यांत्रिक करवत तेही वापरीत. कोणती फळी, कोणती बाजू वर, कोणती गांठ ठेवावयाची, हा निर्णय मात्र ते यंत्रावर सोंपवीत नसत. त्यांच्या कित्येक मेजांच्या तळाशीं गिऱ्हाइकाचें नांव शाईनें लिहिलेलें आढळतें. हें मेज अमक्यासाठीं आहे, याची ती नोंद होय.

त्यांचीं मेजें आज संग्राहकांच्या हातीं गेलीं आहेत आणि मध्यम स्थितीच्या कुटुंबास तीं परवडण्यासारखीं नाहींत, हा आक्षेप खरा आहे. पण त्यांचा विवेक विकत घ्यावा लागत नाहीं. गल्लींतील सुतारानें जुन्या दाराच्या सागवानी फळीचें, तिची गांठ आणि खिळ्याचे डाग राखून, नीट वाव ठेवून मेज केलें, तर आम्ही त्यासच या परंपरेचें खरें अपत्य म्हणूं. तेव्हां घेणाऱ्यानें मेज आधीं उलटून पाहावें, मग त्यावर चहाचा पेला ठेवावा.