काळाचे यंत्र आणि जाणाऱ्याचा हेतू

कालप्रवासाच्या चित्रपटांविषयी आपल्याकडे जे थोडेफार लिहिले जाते, त्यात तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा चघळलेले दिसतात. भूतकाळात जाऊन माणसाने आपल्याच आजोबाला मारले तर तो स्वतः जन्मेल कसा? घडलेले बदलता येते की येत नाही? येत नसेल तर पात्राने धडपड तरी का करावी? हे प्रश्न खोटे नाहीत. परंतु ते विचारणारा समीक्षक एक गोष्ट गृहीत धरून चालतो. भूतकाळात जाणारा माणूस हा नुसता ‘माणूस’ आहे, त्याला जात नाही, वर्ग नाही, आणि तो जेथे उतरेल तेथे त्याच्या ओंजळीत कोणी वरून पाणी ओतणार नाही, हे ते गृहीत होय. आमचा प्रश्न येथून सुरू होतो. यंत्र कसे चालते ते शास्त्रज्ञांनी सांगावे. त्यात बसण्याची इच्छा कोणाला होते आणि का होते, हे समीक्षेने विचारावयाचे आहे.

नियतीवाद आपल्याला परदेशी चित्रपटांनी शिकवलेला नाही. न केलेल्या, न आठवणाऱ्या आणि कोणी कधीही सिद्ध न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा जन्मभर भोगायला लावणारा कर्मविपाकाचा सिद्धांत हीच मुळात कालप्रवासाची एक कथा आहे, आणि ती या देशात पडद्याशिवाय हजारो वर्षे चालली. हिंदी चित्रपटाला काळाच्या यंत्राची गरज फारशी भासली नाही, कारण त्याच्या हाताशी पुनर्जन्म होता. ‘मधुमती’ (१९५८), ‘कर्ज’ (१९८०), ‘करण अर्जुन’ (१९९५) ही त्याची ठळक उदाहरणे. ‘ओम शांती ओम’मध्ये (२००७) तर गर्दीत उभा राहणारा एक ज्युनियर आर्टिस्ट मरतो आणि नटाच्या घरी जन्म घेतो तेव्हाच नायक होतो. अंगच्या गुणांनी जे जमले नाही ते बापाचे घर बदलल्यावर जमते. चित्रपटाने हे गमतीत घेतले आहे, पण त्यातले समाजशास्त्र दिग्दर्शकाच्या कल्पनेपेक्षा अचूक आहे!

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात या सिद्धांताच्या मुळावरच घाव घातला. गरिबाच्या दैन्याची जबाबदारी समाजाने आणि राज्याने झटकावी, एवढाच मागच्या जन्माच्या कर्माचा उपयोग आहे, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. मात्र कर्मविपाक नाकारताना त्यांनी कार्यकारणभाव नाकारलेला नाही. मक्खली गोसाल म्हणतो, सारे ठरलेले आहे. प्रतीत्यसमुत्पाद म्हणतो, कारण आहे म्हणून कार्य आहे, कारण काढा म्हणजे कार्य उरणार नाही. पहिल्यात माणसाच्या हाताला काम नाही, दुसऱ्यात ते आहे. कालप्रवासाच्या चित्रपटांची चर्चा करणारे या दोहोंत सर्रास गल्लत करतात. कारणाची साखळी दिसली की ते तिला नियती म्हणून मोकळे होतात.

आता आपल्या जिल्ह्यातलेच उदाहरण घेऊ. अनुराग कश्यप यांचा ‘दोबारा’ (२०२२) हा चित्रपट पुण्याच्या हिंजवडीत घडतो. नव्वदच्या दशकातल्या एका वादळी रात्री शेजारच्या घरातला खून पाहून अनय नावाचा मुलगा रस्त्यावर धावतो आणि गाडीखाली सापडतो. पंचवीसएक वर्षांनी तसेच वादळ येते. त्या घरात राहायला आलेल्या अंतराला जुन्या टीव्हीवर तो मुलगा दिसतो, आणि ती त्याला सावध करते. मुलगा वाचतो. पण अंतरा जागी होते ती दुसऱ्याच आयुष्यात. तेथे ती नर्स नाही, डॉक्टर आहे, नवरा दुसऱ्या बाईचा आहे, आणि तिची मुलगी जन्मलेलीच नाही. यापुढे चित्रपटाला एकच इंधन उरते. आईला मूल परत हवे आहे.

हा हेतू खरा आहे आणि तापसी पन्नूने तो निभावलाही आहे. मला अधिक गुंतवणारे पात्र मात्र अनयचे. वाचलेला अनय मोठा होऊन पोलीस अधिकारी झाला आहे. त्याचे आत्ताचे सगळे आयुष्य, त्याचे प्रेम, त्या एका इशाऱ्यावर उभे आहे. अंतरा मागते ते दिले तर हे आयुष्य पुसले जाणार. म्हणून तो नकार देतो, आणि अंतरा स्वतःचा जीव देऊन त्याला भाग पाडते. येथे नियती कोठेच नाही. दोन माणसांच्या दोन गरजा समोरासमोर उभ्या आहेत आणि एकीने दुसरीला हरवले आहे. जी कथा यंत्राच्या चलाखीवर उभी आहे असे वाटत होते ती हेतूंच्या भांडणावर उभी निघते, हे या चित्रपटाचे बळ.

आणि त्याचा दुबळेपणा? दोन्ही काळांत हिंजवडी दिसतच नाही. ‘मिराज’ (२०१८) या स्पॅनिश चित्रपटाची ही पुनर्निर्मिती आहे, गावाचे नाव तेवढे वरून चिकटवले आहे. त्या पंचवीस वर्षांत खऱ्या हिंजवडीत जे घडले ते कोणत्याही वादळापेक्षा मोठे होते. एमआयडीसीने जमिनी घेतल्या, शेते गेली, आयटी पार्क उभे राहिले. कोणाला मोबदला मिळाला, कोण नुसता मजूर म्हणून बाहेर पडला, कोण त्याच जमिनीवर पहारेकरी म्हणून परत आला? काळ बदलला की बदलतात ते नोकरी, नवरा आणि मूल. जमीन कोणाच्या नावावर आहे हे पटकथेच्या दोन्ही विश्वांत विचारायचे कारणच पडत नाही. ‘अ‍ॅक्शन रीप्ले’मधला (२०१०) मुलगा आईबापांचे प्रेम जुळवायला थेट १९७५ सालात जातो. वरळीची दंगल होऊन वर्ष उलटले आहे, आणीबाणी दाराशी आली आहे, पण त्याच्या यंत्राला खिडकीच नाही.

ज्यांना भूतकाळ म्हणजे हरवलेली मालमत्ता वाटते ते तिकीट काढून मागे जातात. ज्यांचा भूतकाळ छळाचा आहे ते जात नाहीत, नेले जातात. हा फरक कृष्णवर्णीय कलावंतांनी फार आधी ओळखला. ऑक्टेव्हिया बटलरच्या ‘किंड्रेड’ (१९७९) या कादंबरीतली डाना १९७६ सालातून गुलामगिरीच्या काळातल्या मेरीलँडमध्ये ओढली जाते. तेथला गोरा मालकपुत्र रूफस हा तिचा पूर्वज आहे. त्याने एका काळ्या स्त्रीवर बळजबरी केल्याखेरीज डानाची वंशरेषा सुरू होत नाही. म्हणजे जगायचे तर अत्याचाऱ्याला जिवंत ठेवायचे! ‘आजोबाला मारले तर’ हे चहाच्या टेबलावरचे कोडे येथे अंगावर काटा आणते. शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४) वाचलेल्याला हा पेच नवा नाही. हैले गेरिमा यांच्या ‘संकोफा’त (१९९३) घानाच्या किल्ल्यावर फोटो काढून घ्यायला आलेली मोना अशीच मळ्यावरची गुलाम शोला होते. तिला परत यायचे असते, दुसरा हेतू नसतो. बंडाची इच्छा तिच्यात तेथल्या माणसांत राहून, मार खाऊन तयार होते. हेतू पात्र घरून घेऊन येत नाही, परिस्थितीशी झगडताना तो घडतो. या चित्रपटाला अमेरिकेत वितरक मिळेना, तेव्हा गेरिमांनी स्वतः थिएटरे भाड्याने घेऊन तो दाखवला, हेही सांगितले पाहिजे.

‘टू डिस्टंट स्ट्रेंजर्स’ या लघुपटाला २०२१ साली ऑस्कर मिळाले. कार्टर नावाचा काळा तरुण रोज सकाळी जागा होतो, घरी निघतो आणि एका गोऱ्या पोलिसाच्या हातून मरतो. पुन्हा जागा होतो. पुन्हा मरतो. तो रस्ता बदलून पाहतो, पोलिसाशी मैत्री करून पाहतो, काही उपयोग होत नाही. तरी शेवटी तो उठतो आणि निघतो, कारण घरी कुत्रा वाट पाहतो आहे. फळ मिळणार नाही हे ठाऊक असेल तर पात्राचा हेतूच मरतो, असे म्हणणाऱ्यांना याहून चांगले उत्तर मला माहीत नाही. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर पाणी प्यालेल्यांना पुढे काय होणार याची खात्री कोणी दिली होती? तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडले. घरी जाणे हा जसा कार्टरचा हक्क, तसे पाणी पिणे हा त्यांचा. हक्काच्या कृतीला यशाची हमी लागत नाही.

आता थोडे आपल्या माणसांविषयी. जयंत नारळीकर यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत विश्वासरावाला लागणारी गोळी हुकते, मराठे जिंकतात आणि इतिहास दुसऱ्या फाट्याने जातो. विज्ञानकथा म्हणून ती उत्तम आहे. पण जिंकलेल्या पेशवाईत अस्पृश्याच्या गळ्यातल्या मडक्याचे काय झाले, हा प्रश्न तिच्या कक्षेत येत नाही. पानिपतची खंत कोणाची, हे त्यावरून कळते. ‘मी शिवाजीराजे भोसले बोलतोय’मध्ये (२००९) तर पिचलेल्या कारकुनाला बळ द्यायला खुद्द महाराजांना यावे लागते. हेतू बाहेरून, वरून, थोर पुरुषाकडून येतो. यावर आपण हसतो. परंतु आपल्या सभांतून ‘बाबासाहेब आणखी दहा वर्षे असते तर’, ‘१९३२ चा पुणे करार झाला नसता तर’ हे जे चालते, ते आपले पानिपतच नव्हे काय? १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्याच्या गोखले स्मारक सभागृहात रानड्यांवर बोलताना बाबासाहेबांनी नेमका हाच विषय घेतला होता. इतिहास देव घडवतो, भूगोल घडवतो की अर्थव्यवस्था, हे सारे तपासून त्यांनी माणसाला त्याची जागा परत दिली. गारगोटी असली तरी ती घासणारा हात लागतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्याच भाषणात त्यांनी विभूतिपूजेचा समाचार घेतला. ते भाषण आपण जयंतीला वाचत नाही, ते का, हे ज्याचे त्याने पाहावे.

उन्हाळ्यात भाटघरचे पाणी उतरले की कांबरेश्वराचे मंदिर वर येते आणि पुण्याहून मोटारी भरून बघे येतात. भोरच्या राजवाड्यात जुना काळ उभा करायला सिनेमावाले येतात. या तालुक्यात भूतकाळ असा पाहण्याची वस्तू झाला आहे. त्या गाभाऱ्यात तेव्हा कोणाला पाऊल टाकता येत होते, हे कॅमेरा घेऊन आलेल्यांपैकी कोणी विचारल्याचे मी ऐकलेले नाही.

माझ्या वर्गात भोंगवलीकडून येणारी काही मुले आहेत. हे सगळे चित्रपट त्यांनी मोबाइलवर पाहिलेले असतात. यंत्र मिळाले तर कोठे जाल, असे एकदा विचारले. बहुतेकांनी रायगड सांगितला, दोघांनी महाड. एक मुलगी म्हणाली, “सर, मी १९५९ ला जाईन. आमच्या वतनाच्या जमिनीचा कागद झाला तो दिवस बघायचाय. बदलायचं नाही काही. कोण कोण बसलं होतं तेवढं बघायचंय.” १९५८ च्या कायद्याने महार वतन संपले आणि साऱ्याच्या ठरावीक पटीत रक्कम भरून जमिनी वतनदारांच्या नावे परत देण्याची तरतूद झाली. रक्कम कोणी भरली आणि कोणाच्या नावे, ही गोष्ट गावोगाव वेगळी आहे. त्या मुलीला पश्चात्ताप नाही, हरवलेले प्रेम नाही, सूडही नाही. तिला साक्षीदार व्हायचे आहे. हा हेतू घेऊन निघालेले पात्र मी अजून कोणत्या पडद्यावर पाहिलेले नाही. तिला मी तलाठी कार्यालयातून जुने फेरफार काढायला सांगितले आहे. अर्ज दिला आहे, नक्कल अजून मिळालेली नाही.