चिलखत, सरस आणि 'सिद्ध झाले'

गेल्या शिवजयंतीच्या आधी भाचीने मला कामाला लावलं. लेझीमच्या ताफ्यासाठी तिला मावळ्याचा पोशाख हवा होता आणि अट एकच होती: "मावशी, ह्यात कुठलाच प्राणी नको." म्हणजे चामडं नाही, रेशीम नाही, लोकर नाही. मी म्हटलं, त्यात काय अवघड? चादरी आणि टॉवेलच्या सोलापुरात सुती कापडाला काय तोटा!

अवघड निघालं. एका दुकानात "लेदर-फ्री" म्हणून रेक्झिनचं चिलखत दाखवलं. रेक्झिन म्हणजे बहुतेक वेळा कापडावर पीव्हीसीचा थर. मी रसायनशास्त्रवाली, त्यामुळे डोक्यात लगेच स्टिअरेट आलं. पीव्हीसीत ते घालतात, आणि ते पामतेलापासून बनतं तसं जनावरांच्या चरबीपासूनही बनतं. 2016 मध्ये इंग्लंडच्या पाच पौंडांच्या प्लॅस्टिक नोटेत चरबीचा अंश निघाला, तेव्हा शाकाहारी लोकांनी केवढा गोंधळ घातला होता! मग "शुद्ध सुती" म्हणून घेतलेल्या मखमलीचा एक धागा जाळून पाहिला. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख उरते. रेशीम किंवा लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो. माझा धागा वितळून टणक मणी झाला. पॉलिएस्टर! प्राणी नव्हता, पण सूतही नव्हतं. आणि ढालीच्या पुठ्ठ्याला कडकपणा यावा म्हणून मी स्वतःच काय लावलं होतं? सरस. कातडी आणि हाडं उकळून केलेला. हे लक्षात आलं तेव्हा ढाल वाळून तयार होती.

ह्याच सरसामुळे एक पुस्तक आठवलं, आणि आजची पोस्ट खरं तर त्या पुस्तकावर आहे. ग्रेगरी ऑल्ड्रेट, स्कॉट बार्टेल आणि अलिशिया ऑल्ड्रेट यांचं 'रिकन्स्ट्रक्टिंग एन्शंट लिनन बॉडी आर्मर', 2013 चं. प्राचीन ग्रीक सैनिक लिननचं, म्हणजे जवसाच्या झाडाच्या धाग्याचं, चिलखत घालत. त्याला लिनोथोरॅक्स म्हणतात. होमरमध्ये त्याचा उल्लेख आहे, पाँपेईच्या प्रसिद्ध मोझेकमध्ये सिकंदराच्या अंगावरही ते दिसतं असं मानतात. पण अख्खा नमुना एकही उरलेला नाही, कापड कुजतं. म्हणून ह्या लोकांनी ते बनवून पाहिलं. सुरुवात बार्टेलने केली, आणि तो तेव्हा विद्यार्थी होता हे मुद्दाम सांगते. गाईडने विषय देण्याची वाट बघत बसलेल्यांनी ऐकावं.

पुस्तक वाचाच. हाताने करून पाहिल्याशिवाय कळत नाहीत अशा गोष्टी त्यात आहेत. थर आधी चिकटवून सेंटीमीटरभर जाडीचा तक्ता केला, तर तो कात्रीने कापलाच जाईना, विजेची करवत आणावी लागली. म्हणजे आधी थर कापायचे आणि मग जोडायचे. हे कुठल्याही ग्रंथात लिहिलेलं नसतं. बाणांच्या चाचण्याही मेहनतीने केलेल्या आहेत. बार्टेल तर स्वतः ते अंगात घालून बाणासमोर उभा राहिला. (तुमची एथिक्स कमिटी याला परवानगी देईल, असं समजू नका.)

आता माझी तक्रार. त्यांनी थर जोडायला सशाच्या कातडीचा सरस वापरला. लिननचं चिलखत म्हणजे निव्वळ वनस्पतीजन्य, असं समजून चाललेल्या माझ्या भाचीची निराशा झाली, ते सोडा. मुद्दा असा, की ग्रीक ग्रंथ "लिननचं" म्हणतात, "चिकटवलेलं" म्हणत नाहीत. मोझेकमधल्या किंवा मडक्यावरच्या चित्रात चिलखत ताठ दिसतं, पण ते सरसामुळे ताठ आहे की दाट शिवणीमुळे, हे चित्र सांगत नाही. इतर अभ्यासकांनी नेमका इथेच आक्षेप घेतला आहे. लेखकांना शिवणीचा पर्याय ठाऊक आहे, तरी पुस्तकाचा भर सरसावरच राहतो. बाण अडला, यावरून इतकंच कळतं की असं चिलखत चाललं असतं. ते तसंच होतं, हे कितीही बाण मारून कळणार नाही. त्यासाठी अवशेष हवा किंवा लेख हवा.

दुसरी शंका माझ्या विषयातली. प्राणिज सरस ओलाव्याने मऊ होतो. घामाने, पावसाने भिजलेल्या, आठवडाभर अंगावर असलेल्या चिलखताचं काय होतं, हा प्रश्न मला बाणाइतकाच मोठा वाटतो, आणि वाचणाऱ्याच्या लक्षात मात्र बाणच राहतो. व्हिडिओत दिसणारा पुरावा नेहमी जास्त वजनदार वाटतो.

मी एवढ्या तावातावाने का बोलते आहे, तर माझ्या स्वतःच्या सिनॉप्सिसमध्ये "सिद्ध झाले" हे शब्द चार ठिकाणी होते. नमुना प्रयोगशाळेत टिकला होता, एवढंच खरं होतं. तीन ठिकाणी मी ते "दिसून आले" केलं. चौथ्या ठिकाणी वाक्यच काढावं लागलं, कारण त्याला आधारच नव्हता.

पोशाखाचं पुढे काय झालं? सरसाची ढाल बाद. जुन्या सुती साड्यांचे आठ थर, सुती दोरा आणि आजीकडून शिकलेला गोधडीचा धावदोरा. आपल्याकडे लढाईत जाड, कापूस भरलेले अंगरखे वापरले जात. मेक्सिकोतले ॲझ्टेक सैनिकही कापसाचं शिवलेलं चिलखत घालत, आणि ते पाहून स्पॅनिश लोकांनीही ते उचललं. म्हणजे चामड्याची नक्कल करणारं प्लॅस्टिक शोधण्याची गरजच नव्हती. पण मावळे नेमकं माझ्यासारखंच शिवत, असं मी म्हणणार नाही. माझा अंगरखा हा त्याचा पुरावा नाही.

मिरवणुकीच्या आदल्या रात्री भाचीने त्यात दाभण खुपसून पाहिलं. आरपार गेलं. "म्हणजे हे चिलखत नाहीच," ती म्हणाली. मी म्हटलं, नाही, पोशाख आहे. तिने तो घातला, दोन पावलं लेझीम खेळली आणि बगलेत घट्ट होतोय म्हणून उसवायला दिला.