छायाचित्रातला देह आणि त्या देहाचं माणूस

एप्रिल 2023 मध्ये मुंबईच्या कस्टम्स खात्यानं परदेशातून आलेल्या सात कलाकृती अश्लील ठरवून अडवल्या. चार रेखाचित्रं गोव्याच्या फ्रान्सिस न्यूटन सूझांची, तीन कामं अकबर पदमसींची. मुंबई उच्च न्यायालयानं 25 ऑक्टोबर 2024 रोजी ती सोडायला लावली. प्रत्येक नग्न चित्र अश्लील नसतं, असं न्यायालयानं खात्याला स्पष्ट सुनावलं. पदमसींच्या बाबतीत हे दुसऱ्यांदा घडत होतं. 1954 साली जहांगीर आर्ट गॅलरीत त्यांची ‘लव्हर्स’ ही चित्रं पोलिसांना खटकली होती. त्यांनी ती उतरवायला नकार दिला, खटला लढला आणि जिंकला. मधल्या सत्तर वर्षांत न्यायालयं बरीच पुढं गेली. आपली समीक्षा मात्र तिथंच थांबली, असं मला वाटतं.

कारण त्या तीन कामांपैकी दोन छायाचित्रं होती आणि त्याबद्दल मराठीत कोणी वेगळं बोललेलं माझ्या वाचनात आलं नाही. रेखाचित्रं आणि छायाचित्रं एकाच मापानं मोजून आपण मोकळे झालो. रेषेतली बाई चित्रकाराच्या मनातून आलेली असू शकते. कॅमेऱ्यासमोरची बाई मात्र त्या दिवशी, त्या खोलीत, त्या उजेडात होतीच. नग्न छायाचित्राचा सगळा पेच इथं आहे.

मुकुटबनमध्ये बसून हे लिहिताना मला मार्कंडा आठवतं. आमच्या भागातली माणसं वणी-चंद्रपूरकडून महाशिवरात्रीला वैनगंगेकाठच्या त्या देवळांना जातात. सोबत सासू असते, लेकरं असतात. भिंतींवर मिथुनशिल्पं आहेत, ती सगळ्यांना दिसतात आणि कोणाची श्रद्धा डळमळत नाही. कामभावना पवित्र जागी असू शकते हे आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही. पण आधुनिक नग्न छायाचित्राच्या बचावासाठी कोणी ही देवळं पुढं केली, की मला तो युक्तिवाद अपुरा वाटतो. दगडातल्या त्या युगुलाला घरी परत जायचं नव्हतं. फोटोतल्या बाईला जायचं असतं. उद्या तिला बाजारात कोणीतरी ओळखणार असतं.

मराठी माणसाला हा विषय ठाऊक झाला तो 1995 च्या टफ शूजच्या जाहिरातीमुळे. मिलिंद सोमण, नागपुरात जन्मलेली मधु सप्रे, दोघांभोवती अजगर आणि पायांत बूट. फोटो प्रबुद्ध दासगुप्तांचा. गदारोळ झाला, खटला झाला, तो चौदा वर्षं चालला आणि 2009 मध्ये सगळे सुटले. त्या चित्राची बाजू मी कायद्यापुढे घेईन, कलेपुढे घेणार नाही. त्यातले देह सुंदर आहेत, पण ते बुटांसाठी राबतात. दोघांचं आपसांत काय आहे, याबद्दल चित्राला काहीही म्हणायचं नाही.

त्याच दासगुप्तांचं ‘विमेन’ हे पुस्तक 1996 मध्ये आलं. शहरी भारतीय स्त्रियांची व्यक्तिचित्रं आणि नग्नचित्रं, कृष्णधवल, एकाच पुस्तकात. ही रचनाच मला महत्त्वाची वाटते. चेहऱ्याचं पान आणि देहाचं पान शेजारी आलं, की देहाला नाव-गाव असल्यासारखं होतं. 2012 मध्ये अलिबागला दासगुप्तांचं निधन झालं. त्यांच्यावर आदरानं लिहिलं गेलं, पण त्या पुस्तकातली कामेच्छा कुठं आहे, कोणाची आहे, फोटोग्राफरची की त्या स्त्रीची, हा प्रश्न मराठीत नीट विचारला गेला नाही.

तो टाळायची सवय जगभर आहे. रॉबर्ट मॅपलथॉर्पच्या छायाचित्रांवरून 1990 मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटीत एका कलासंस्थेवर खटला झाला. बचावाच्या साक्षीदारांनी ज्यूरीला समतोल, रेषा, प्रकाश समजावला. संस्था सुटली, याचा आनंदच आहे. पण ती चित्रं लैंगिक होती आणि तीच त्यांची ताकद होती, हे बाजूला पडलं. आपल्याकडे 2014 चा अवीक सरकार निकाल असाच. टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्याच्या कृष्णवर्णीय वाग्दत्त वधूचा नग्न फोटो भारतात पुनर्मुद्रित झाला होता. सर्वोच्च न्यायालयानं अश्लीलता ठरवायची जुनी हिकलिन कसोटी सोडून समकालीन समाजाचे निकष स्वीकारले आणि फोटोतला वर्णद्वेषविरोधी संदेश विचारात घेतला. निकाल मोठा आहे. तरी त्यातून फोटोग्राफर नको तो धडा घेतात: संदेश जोडा म्हणजे सुटाल. मग नुसती ओढ, नुसतं स्पर्शाचं सुख हा कलेचा हेतू होऊच शकत नाही का? माझ्या मते होतो. लावणीनं तो कधीच लपवला नाही.

म्हणून ‘हे कामुक आहे की कलात्मक’ हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड वेस्टननं 1936 मध्ये वाळूच्या टेकड्यांवर कॅरिस विल्सनची छायाचित्रं काढली. ती कामुक आहेत आणि थोरही आहेत. पुढं कॅरिसनं वेस्टनसोबतच्या वर्षांवर स्वतःचं पुस्तक लिहिलं, त्यामुळे ती चित्रं पाहताना आज तिची बाजूही आपल्यापाशी असते. रवी जाधवांच्या ‘न्यूड’ या चित्रपटानं जे. जे. कलाशाळेच्या वर्गात बसणाऱ्या मॉडेलला हाच मान दिला. 2017 मध्ये तो गोव्याच्या इफ्फीतून ऐनवेळी वगळला गेला आणि 2018 मध्ये प्रदर्शित झाला. कल्याणी मुळेंची यमुना पोटासाठी कपडे उतरवते, मुलाला शिकवते आणि त्याच्यापासूनच ते लपवते. मराठीत या विषयावरची सर्वांत चांगली समीक्षा मला लेखात मिळाली नाही, ती या सिनेमात मिळाली.

आता फोनमुळे सगळंच बदललंय. नग्न छायाचित्रं गॅलरीत पाहणारे मूठभर, फोनवर पाहणारे असंख्य. मुकुटबनला चुनखडी आहे, कोळसा आहे, सिमेंटचा कारखाना आहे, लग्नाचे अल्बम करणारे स्टुडिओ आहेत. कलादालन नाही. इथला पोरगा फाइन आर्ट न्यूड पाहतो तो पॉर्नच्याच पडद्यावर, त्याच अंगठ्यानं सरकवत. दोन्हींत फरक काय, हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. त्याला शालीनतेवर प्रवचन देऊन काही होणार नाही. समोरच्या बाईला पुढची हालचाल करायची मुभा या चित्रात दिसते का, एवढं त्याला विचारावं. ती आपल्याकडे पाहते आहे की नुसती पाहिली जाते आहे? चेहरा कापला असेल, तर तिच्या इच्छेनं की खरेदीदाराच्या सोयीनं?

भारतीय न्याय संहितेचं कलम 77 या बाबतीत आपल्या समीक्षेपेक्षा शहाणं आहे. स्त्रीनं खासगी क्षणाचा फोटो काढू दिला, पण तो इतरांना द्यायला संमती दिली नाही, तर तो पसरवणं गुन्हा आहे. काढू देणं वेगळं, दाखवू देणं वेगळं. प्रदर्शनाच्या परीक्षणात हा भेद यायला हवा. मॉडेलला प्रिंट मिळाली का, विक्रीतला वाटा मिळाला का, दहा वर्षांनी तिनं नको म्हटलं तर फोटोग्राफर काय करणार, हे परीक्षकानं विचारायला हवं. काहींना हा व्यवहार वाटेल. पण संमती कशी घेतली, याचा परिणाम खांद्याच्या ताणात आणि पोटाच्या श्वासात उतरतो, आणि छायाचित्र टिपतं ते तेच. पदमसींची ती दोन छायाचित्रं न्यायालयानं सोडवली. आता त्यांच्यातल्या उजेडाबद्दल, इच्छेबद्दल आणि समोर बसलेल्या माणसाबद्दल लिहिणं हे आपलं काम आहे, आणि ते अजून झालेलं नाही.